एकाच शाईचे पन्नास फॉर्म

"सर, हे कोणाला विचारून लिहिलंय?"

हा प्रश्न विचारण्याआधी आबा पेनाला टोपण लावायचे, पेन खिशाला अडकवायचे आणि मग उभे राहायचे. देह दणकट, बाक अरुंद, त्यामुळे उभं राहणं हा एक कार्यक्रमच असायचा. तेवढ्यात सर ओळखायचे आणि खडू टेबलावर ठेवून द्यायचे. आता दहा मिनिटं खडूचं काम नाही, हे त्यांनाही ठाऊक झालं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. जळगावातल्या एका कॉलेजात आम्ही एम. कॉम. करत होतो. वर्ग सकाळी सातचा. आम्ही सगळे बावीस-चोवीसचे आणि ते एकटे अडतीसचे. पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांना 'आबा' करून टाकलं. चोपडा तालुक्यातल्या केळीच्या एका सहकारी सोसायटीत ते कारकून होते. सोसायटीचं जळगावला स्टेशनजवळ छोटं ऑफिस होतं, तिथं त्यांनी मागून बदली घेतलेली. सकाळी वर्ग, दिवसभर मालधक्क्यावर केळीचे वॅगन, शनिवारी एस.टी.नं घरी. मी धुळ्याचा, म्हणून मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "ए धुळेकर, सरक."

एम. कॉम.ला नक्की काय शिकवतात, असं मला लोक अजूनही विचारतात. मी सांगतो, बी. कॉम.ला शिकवतात तेच, जरा जाड पुस्तकातून. पण आबांच्या शेजारी बसून शिकलं की ते तसं उरायचं नाही. व्यवस्थापनाच्या तासाला सरांनी एकदा माणसाच्या गरजांची शिडी काढली. खाली भूक, मग सुरक्षितता, मग आपली माणसं, त्यावर मानसन्मान. खालची गरज भागल्याशिवाय माणूस वरची मागत नाही, असं कुणा अमेरिकन विद्वानाचं म्हणणं.

आबांनी टोपण लावलं.

"सर, हे कोणाला विचारून लिहिलंय?"

"का? काय चुकलं?"

"आमच्याकडे लग्नात व्याह्याचा मान चुकला ना, तर माणूस भरल्या ताटावरून उपाशी उठून जातो. दोन दिवस उपाशी राहील, पण मान घेतल्याशिवाय घास घेणार नाही. मग याची पायरी कोणती?"

वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "परीक्षेत हे लिहू नका." आबांनी वहीत लिहून घेतलं: परीक्षेत लिहू नये. त्यांच्या वहीत अशा खुणेच्या बऱ्याच ओळी होत्या.

कॉस्टिंगमध्ये सामान्य घट आणि असामान्य घट असा एक भाग असतो. आमच्या डोक्यात तो शिरेना. आबांनी आम्हाला थेट मालधक्क्यावर नेलं. वॅगनमध्ये केळीच्या पानांचे थर देऊन घड रचत होते. "हे बघ," ते म्हणाले, "दिल्लीला जाईपर्यंत खालचे थोडे घड दबणारच. देवानं जरी गाडी हाकली तरी दबणार. ती सामान्य घट, तिचा खर्च चांगल्या मालावर चढवायचा. आणि हाच वॅगन साईडिंगला दोन दिवस उन्हात राहिला आणि माल काळा पडला, तर ती असामान्य. ती मालावर नाही चढवायची, तिला वेगळं दाखवायचं. का? कारण तिला कोणीतरी जबाबदार असतो." हे मी पुढे सतरा वर्षं शिकवत आलो. त्यांचं नाव न सांगता.

त्यांना मास्तर व्हायचं होतं. त्यांच्या गावाकडे ज्युनिअर कॉलेज निघत होतं. आमचं दुसरं वर्ष लागताना संस्थेच्या अध्यक्षांनी शब्द दिला होता: यंदा एम. कॉम. होऊन या, कॉमर्सची जागा तुमची. पुढच्या जूनपर्यंत अध्यक्ष थांबणार होते, त्यापुढे नाही. आबा हे कुणाला सांगत नसत. मला सांगितलं, कारण चहा पिताना मी विचारलं, "या वयात कशाला हा खटाटोप?" तेव्हा म्हणाले, "पंधरा वर्षं ट्रकांवर, वॅगनवर खडूनं नंबर टाकतोय. एकदा फळ्यावर टाकून बघायचेत."

दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध असायचा. विषय निवडायचा, पन्नास लोकांकडून प्रश्नावली भरून आणायची, कोष्टकं करायची, निष्कर्ष काढायचे. आता या प्रश्नावल्या कशा भरायच्या, याची आमच्याकडे एक पद्धतच होती. तुमच्यापैकी जे शिकलेत त्यांना ती माहीत असेल. माझा विषय धुळे तालुक्यातल्या कापूस उत्पादकांचा. मी एका रविवारी दुपारी होस्टेलवर चार मित्र बोलावले, दोन प्लेट भजी मागवली, निळी, काळी आणि हिरवट अशा तीन शाया जमवल्या. शेतकऱ्यांची नावं हवी होती. माझ्या मावसभावाच्या लग्नाची पत्रिका पेटीत होती. तिच्या खाली आपले विनीत, आपले नम्र, कार्यवाह, आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं, असे मिळून साठेक जण होते. कार्यवाहांपासून सुरुवात केली. भजी संपायच्या आत पन्नास शेतकऱ्यांनी कापसाबद्दल आपली मतं दिलेली होती. लहान मुलांची नावं तेवढी वगळली. इतपत शिस्त होती.

आबांनी मात्र पुस्तकात लिहिलंय तसंच केलं. पाच गावांतल्या केळी उत्पादकांच्या याद्या काढल्या, संख्याशास्त्राच्या पुस्तकामागचा यादृच्छिक संख्यांचा तक्ता उघडला आणि आकडा पडेल ते घर धरलं. एका घराला कुलूप होतं, तिथं ते तीन वेळा गेले. "शेजारच्याला विचारा की," मी म्हटलं. "शेजारच्याचा नंबर नाही लागला," ते म्हणाले.

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. खरं तर त्यांच्या घरच्या भरीतपुरीसाठी. वाटेत एक गाव करून जाऊ, म्हणाले. यादीतला सदतिसावा नंबर. घरापुढे ताडपत्री लावलेली, खाली माणसं बसलेली. ज्यांचा नंबर लागला होता ते आठ दिवसांपूर्वी गेले होते. आबा चपला काढून खाली बसले. बऱ्याच वेळानं गेलेल्या माणसाची म्हातारी आई आबांच्या हातातल्या कागदांकडे बघून म्हणाली, "काय इचारनं शे ते इचार, भाऊ. सरकारनं काम शे का?"

"नही, अक्का. काहीच इचारनं नही. बसाले उनू," नुसता बसायला आलो, असं आबांनी तिच्याच अहिराणीत सांगितलं आणि कागद पिशवीत घातले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आबा, दुसरं घर घ्या. कोण बघतंय?"

"नंबर त्याचा लागलाय धुळेकर. त्याच्या जागी दुसरा बसवला की पुढचा सगळा आकडा खोटा." एस.टी. स्टँडच्या कठड्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं: उत्तरदाता मयत. प्रश्न विचारले नाहीत.

मार्चमध्ये लघुप्रबंध बघणाऱ्या सरांनी आम्हा सहा जणांना फॉर्म घेऊन त्यांच्या खोलीत बोलावलं. सर भला माणूस. फक्त वर्षानुवर्षं खोटे फॉर्म बघून बघून त्यांना खोटं ओळखायची एक खूण सापडली होती. एकच अक्षर आणि एकच शाई असली, की फॉर्म घरी बसून भरलेले. माझा गठ्ठा त्यांनी चाळला. पाच अक्षरं, तीन शाया, कोष्टकांची बेरीज बरोबर पन्नास. "याला म्हणतात क्षेत्रकाम," ते म्हणाले.

मग आबांचा गठ्ठा. शेतकऱ्यांनी सांगायचं आणि आबांनी लिहायचं, असं केल्यामुळे पन्नास फॉर्म एकाच अक्षरात आणि एकाच निळ्या शाईत. त्यातून सहा घरं बंद, चौघांचा नकार, कितीतरी ठिकाणी 'सांगता येत नाही'. सर एकेक पान उलटत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. सदतिसाव्याला थांबले.

"उत्तरदाता मयत? आबा, याला कुठं जाऊन भेटलात? वर?"

सगळे हसले. हसणाऱ्यांत मी होतो.

आबा हसले नाहीत. "सर, मी गेलो होतो त्या घरी."

"सगळं एका हातचं आहे. तुम्ही त्या भागातले, ही माणसं तुम्हाला तोंडपाठ. घरी बसून भरलंत. वयानं मोठे आहात म्हणून जास्त बोलत नाही. बरोबर होतं का कोणी?"

"होतं."

"कोण?"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "ते त्यानं सांगावं."

सर थांबले. मला वाटतं, अर्धं मिनिट तरी थांबले. त्यांना सत्य हवं होतं, हे मी आज त्यांच्या बाजूनं सांगतो. मी फक्त तोंड उघडायचं होतं, एवढंच. पण मी बोललो असतो तर सर म्हणाले असते, "अस्सं? म्हणजे फॉर्म असे दिसतात? मग तुझे असे कसे?" माझ्या मांडीवर मावसभावाचे पन्नास नातेवाईक होते. मी गठ्ठ्याची नाडी सोडली, परत बांधली.

सरांनी आबांची फाईल मिटली. "पुढच्या वर्षी नव्यानं पन्नास करा. या वर्षी मी सही करणार नाही."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. काय बोलणार होतो, ते मला आजही सांगता येणार नाही. तेच म्हणाले, "तुमची बस कितीची आहे?"

दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी 'तुम्ही' झालो. 'धुळेकर' त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

जूनमध्ये त्या ज्युनिअर कॉलेजात भुसावळकडचा एक मुलगा लागला. आबांनी नवे पन्नास केले नाहीत. सोसायटीतल्या एकाजवळ म्हणाले म्हणे, "एकदा खरं सांगितलंय लोकांनी. आता परत कोणत्या तोंडानं विचारू?" मला मात्र लघुप्रबंधाला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले आणि त्या जोरावर धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. विषय कोणता मिळाला? संशोधन पद्धती. प्रश्नावली कशी भरून घ्यावी, हे मी वर्षाला साठ मुलांना शिकवू लागलो. हसू नका. किंवा हसा, मीही त्या दिवशी हसलोच होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एकदा चोपड्याला गेलो. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं निमित्त होतं, पण यादीत माझं नाव मीच घालून घेतलं होतं. आबा सोसायटीतच होते. केस पांढरे झालेले, खडूची भुकटी बाहीला लागलेली. चहा मागवला. मी सगळं सांगितलं: शाया, पत्रिका, भजी, सदतिसावं घर, आणि आता साठ पोरांना मी काय शिकवतो तेही. बारा वर्षं पाठ केलेलं होतं, भराभर म्हणून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. लग्नपत्रिकेला त्यांच्या तोंडावर हसू आलं, खोटं कशाला सांगू. "कार्यवाहांपासून?" एवढं विचारलं त्यांनी.

मग म्हणाले, "हे मला कशाला सांगताय, सर? मला तर तेव्हाच माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. तुमच्याकडे साठ पोरं आहेत ना?"

"आबा, पोरांना कसं..."

"मग राहू द्या." आणि उठून बाहेर गेले. ट्रकवाल्याची हाक आली होती.

परतल्यावर दर जुलैत प्रश्नावलीचा तास आला की मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. तीन वर्षं नुसती व्याख्या लिहून सुटलो. नोकरी, अब्रू, मुख्याध्यापकांसारखे वागणारे आमचे प्राचार्य, सगळी कारणं तयार असायची. चौथ्या वर्षी उन्हाळ्यात कळलं की आबा गेले. ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

त्या जुलैत मी वर्गाकडे तोंड करून सांगितलं. मावसभावाच्या पत्रिकेपर्यंत पोरं खिदळत होती, पाठीमागचे बाक तर वाजवत होते. अर्थात त्यांचीही भजी ठरलेली असणार. सदतिसाव्या घरापाशी खिदळणं जरा कमी झालं. सरांच्या खोलीतलं ते अर्धं मिनिट मी कसं सांगितलं, मला आठवत नाही. सांगितलं एवढं खरं. मी मान खाली घातली नाही, एवढंही खरं.

मग दुसऱ्या बाकावरची शिरपूरकडची मुलगी उभी राहिली.

"सर, मग त्या आबांना एम. कॉम. मिळालं का?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, खाली बसली आणि ते वहीत लिहून घेतलं.