दादाचा रुमाल

माझा स्वभाव संशयी. दूध सोडाच, मी ताकही फुंकून पिणारा. कापसाच्या धंद्यात हा स्वभाव मी गुण म्हणून मिरवला, हे आधीच सांगून टाकतो.

अमेरिकेत लढाई पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडाला सोन्याचे दिवस आले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अमरावतीच्या बाजारात दलाल होता. माल पारखायचे काम माझे, सौदा करायचे त्याचे. सौदा रुमालाखाली होई. दलाल आणि गिऱ्हाईक एकाच रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटे धरून भाव सांगत. तोंडाने एक अक्षर नाही. दोन हातांत काय ठरले ते तिसऱ्याला कळायची सोयच नव्हती. म्हणून दलालाच्या बोटांवर भरवसा हवा. तो गेला की दलाल संपला. दादाच्या बोटांवर दर्यापूरपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांचा भरवसा होता.

एका हिवाळ्यात त्याचे सौदे फिसकटू लागले. गिऱ्हाईक म्हणे पाच बोटे धरली, दादा म्हणे चार. एकदा झाले तेव्हा मी चूक म्हटले. तिसऱ्यांदा झाले तेव्हा म्हटले, पाणी कुठेतरी मुरते आहे.

मग मला जिकडेतिकडे तेच दिसायला लागले. साध्या प्रश्नालाही दादा उत्तर द्यायला वेळ लावी. मला वाटे, जुळवाजुळव करतो आहे. पाय जमिनीला चिकटल्यासारखी बारीक पावले टाकी. मला वाटे, लपून पितो. जेवता जेवता उगाच रडू लागे. मी म्हणे, मन खात असणार! आणि सौदा अर्धा टाकून तो घटकाघटकाला बाजारातल्या कापसाच्या गाड्यांच्या मागे जाई. तिथे अकोल्याचा कोणी व्यापारी त्याला पैसे चारायला गाठत असणार, याबद्दल माझी खात्रीच झाली.

एका सकाळी मी आमच्या जुन्या आडत्याच्या कानाला लागलो. "काही दिवस दादाच्या रुमालाखाली हात घालू नका," एवढेच म्हणालो. बाजाराला तेवढे पुरते.

त्याच दिवशी दुपारी दादा उठला तसा मीही मागोमाग गेलो. गाड्यांच्या आड कोणी नव्हते. दादा एकटाच लोट्यातल्या पाण्याने धोतराचा पुढचा भाग धूत होता.

मी विचारले, "दादा, तू इथं कोणाले भेटून राहिला?"

त्याने लोटा खाली ठेवला. "कोणाले भेटू रे? लघवी दम धरत नाही. उठेपर्यंत धोतर ओलं होते." मग उजवा हात पुढे करून म्हणाला, "अन् या बोटाइले बधिरपण आलं. समोरच्यानं चार धरले का पाच, मले समजत नाही. तुह्या वहिनीले सांगजो नोको."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. धावत आडत्याकडे गेलो, पण माझा शब्द माझ्याआधीच बाजारभर फिरून आला होता. सख्ख्या भावाने सांगितलेले खोटे आहे, असे कोण मानणार? त्यानंतर दादाच्या रुमालाखाली कोणाचा हात आला नाही.

वैद्याने वात म्हणून तेल चोळायला सांगितले. काही वर्षांनी अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने वेगळेच सांगितले. मेंदूत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या जाड होतात, आखडतात, एकेक करून बंद पडतात, आणि त्यांच्या पुढचा मेंदू तेवढा तेवढा वाळत जातो. पाटात गाळ बसला की टोकाच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसेच हे. बाहेरून मात्र माणूस धडधाकट दिसतो. मी त्या डॉक्टरलाही दोन उलटे प्रश्न विचारलेच.

तोवर दादा आम्हाला ओळखेनासा झाला होता. रोज सकाळी मांडीवर रुमाल पसरून तो ओट्यावर गिऱ्हाइकाची वाट पाही. एकदा मला राहवले नाही. समोर बसलो आणि रुमालाखाली हात घातला. त्याने माझी बोटे कितीतरी वेळ चाचपली. मग त्याचा चेहरा खुलला.

"भाव बरा आहे, शेठजी," तो म्हणाला. "पण माह्या लहान भावाले इचारून पक्कं करतो. त्याच्या शब्दाबाहेर मी जात नाही."