अकराचं घरचं नाव

सोइला तेनेसाका सहा वर्षांची असताना फळ्यापाशी उभी राहून एक शब्द बोलली आणि तो शब्द पुढं लग्न होईपर्यंत तिच्या मागं गावभर हिंडला.

कस्ब्याहून आलेल्या मास्तरांनी फळ्यावर ११ लिहून विचारलं होतं, "हे काय?" स्पॅनिशमध्ये दहाला 'दिएस' आणि एकाला 'उनो' म्हणतात एवढं सोइलाला नुकतंच कळलं होतं. घरी बोलायची भाषा किचवा. तिच्यात अकराला निराळा शब्दच नाही. 'चुन्का शुक' म्हणायचं, दहा-एक. तेव्हा सोइलानं आपलं सरळ जुळवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दिएस-उनो!"

मास्तर हसले. म्हणून वर्ग हसला. सगळी पोरं किचवाच बोलणारी, त्यांनाही 'ओन्से' हा खरा शब्द धड येत नव्हता. पण आपण वाचलो या आनंदात ती जास्तच हसली. त्या दिवसापासून सोइलाचं नाव पडलं दिएसउनो. बटाटे काढायला गेली तरी दिएसउनो, देवळाच्या जत्रेत गेली तरी दिएसउनो.

ती मोठी झाली, शिकली, शिक्षिका झाली, आणि फिरून आपल्याच गावी, युराकपाम्बात, डोंगरउतारावरच्या त्या तीन खोल्यांच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर आली. आल्या दिवशीच तिनं मनाशी ठरवलं होतं, आपल्या हाताखालच्या एकाही पोराला कुणी हसता कामा नये. म्हणून ती पहिल्या आठवड्यापासून स्पॅनिश अंक घोकून घ्यायची. सकाळी एकदा, जेवणाआधी एकदा, घरी सोडताना एकदा. पोरं वाऱ्यावर डोलत ओन्से, दोसे, त्रेसे म्हणत सुटायची आणि खालच्या वाटेनं मेंढ्या घेऊन जाणारे म्हातारे थांबून कौतुकानं ऐकायचे. सोइलाबाईंची पोरं कस्ब्यात गेली तरी अडत नाहीत, असं लोक म्हणत. बाईंना त्याचा अभिमान होता.

अशी बरीच वर्षं गेली. मग नूबे वर्गात आली.

नूबेचे आईबाप न्यू जर्सीत होते. बाप रुबेन तिथं घरांची छपरं घालायचा, आई कुणाची तरी मुलं सांभाळायची. नूबे दोन वर्षांची असल्यापासून आजोबांकडे, गाव मानानं तायता म्हणायचं त्या इसिद्रोंकडे वाढली. पोरगी बोलकी. कुठली मेंढी व्यायला झाली, कुणाच्या गाईनं कुणाचं कुंपण मोडलं, सगळ्या बातम्या सकाळी शाळेत तिच्याकडून कळायच्या. पण गणिताचा तास आला की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. १४ लिही म्हटलं की ४१ लिहायची. बाईंनी खोडून दिलं की मान हलवायची आणि पुन्हा ४१.

"अगं, 'कातोर्से' म्हटलं मी. कातोर्से!" बाई म्हणायच्या.

नूबे ओठ हलवून तो शब्द चाखून बघायची. त्यात तिला चार ऐकू यायचे, कारण चाराचा स्पॅनिश शब्द 'कुआत्रो' तसाच वाजतो. दहा कुठंच ऐकू यायचे नाहीत.

एका सकाळी बाईंनी तिला फळ्याशी बोलावलं. ११ वर बोट ठेवलं. नूबेनं बराच वेळ त्या दोन काठ्यांकडे बघितलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"दिएस-उनो!"

वर्ग फुटला. आणि सोइलाबाईही हसल्या.

हसू तोंडातून निघून गेलं तेव्हा कुठं त्यांना कळलं की आपण हसलो. त्यांनी नूबेकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती. बाई हसल्या म्हणून तीही हसत होती, मोठ्यानं, सगळ्यांच्या बरोबरीनं. कशाला हसायचं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं, आणि हसता हसता ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"बस जाऊन," बाई हळूच म्हणाल्या.

दुपारी पोरं गेल्यावर त्या बाकावर बसून राहिल्या. मुख्याध्यापक विसेन्ते दारातून डोकावले.

"बरं नाही का, बाई?"

"सर, त्या पोरीचं चुकलं काय?"

"कुठल्या?"

"नूबेचं. अकरा म्हणजे दहा नि एक, हे तिनं स्वतःच्या डोक्यानं काढलं. बाकीची बावीस पोरं ओन्से म्हणतात. पण ओन्सेच्या पोटात काय आहे ते एकाला तरी माहितीय का? मी कधी विचारलंच नाही."

विसेन्ते सरांना घरी जायची घाई होती. "पुस्तकात 'ओन्से'च आहे," ते म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी बाई माळावरच्या लांब गवताचा भारा पाठीला बांधून आल्या. पोरांनी काड्या मोजायच्या, दहा झाल्या की लोकरीच्या धाग्यानं जुडी बांधायची. उरतील त्या सुट्या. सगळं मोजणं किचवात. एक जुडी आणि एक सुटी काडी बाईंनी उंच धरली.

"तुझं नाव काय गं?" त्यांनी एकीला विचारलं.

"लुचा."

"आणि हजेरीच्या वहीत?"

"मारिया लुसिला दे लॉस आन्हेलेस."

"म्हणजे घरचं एक, कागदावरचं एक. पण पोरगी तीच ना? तशीच आकड्यांनापण दोन नावं असतात. ह्याचं घरचं नाव काय?"

"चुन्का शुक!"

"आणि कागदावरचं?"

"ओन्से!"

पोरांना तो खेळच झाला. कुणीही उठावं, कागदावरचं नाव फेकावं, आणि बाकीच्यांनी घरच्या नावानं ओरडावं. चौथ्या-पाचव्या दिवशी बाई 'कातोर्से' म्हणाल्या. नूबेनं स्वतःशी पुटपुटत त्याचं घरचं नाव काढलं, चुन्का चुस्कु, दहा-चार. मग फळ्यावर आधी १ लिहिला आणि मागोमाग ४.

"आधी एक का लिहिलास?"

"जुडी आधी येते, बाई," नूबे म्हणाली. असल्या सोप्या गोष्टी बाईंनी का विचाराव्यात, असा तिचा सूर होता.

वर्गात पंधराची पाळी यायच्या आधीच खेळ घरोघर पोचला आणि तिथंच घोटाळा झाला. पाटाची डागडुजी करायला गाव जमलं होतं. काम संपल्यावर तिथंच पालकांची बैठक बसली, तेव्हा तायता इसिद्रो फावड्याला टेकून उभे राहिले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"बाई, आमच्या घरी रोज मोते शिजतो," ते म्हणाले. "मक्याचे दाणे खायला कुणी पोरीला डोंगर चढून शाळेत धाडतं का?"

"नाही, तायता."

"मग किचवा शिकायला कशाला धाडू? ती आमच्या चुलीपाशी फुकट मिळते. शाळेत स्पॅनिश द्या. ते आमच्याकडे नाही."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईंना आता आराम हवाय!" विसेन्ते सर आपल्या बुटांवरचा चिखल निरखत बसले. बाईंनी काड्यांचं, जुड्यांचं सांगायला सुरुवात केली, पण त्या बोलायला लागल्या आणि सगळं शिक्षणखात्याच्या भाषेत बाहेर पडायला लागलं. लोकांनी जांभया दिल्या.

सोमवारी नूबे शाळेत आली नाही. दुधाच्या गाडीत बसून ती कस्ब्यातल्या शाळेत गेली. त्या आठवड्यात आणखी दोन घरांनी पोरं काढली.

सोइलाबाईंनी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली, की जाऊ दे, तिकडं शिकेल. पण रोज सकाळी हजेरी घेताना तिच्या नावाशी अडखळायच्या. शेवटी एका शनिवारी त्या सरळ इसिद्रोंच्या शेतावर गेल्या. बटाट्याची काढणी चालली होती. बाईंनी घागरा खोचला आणि सरीत बसून माती उकरायला लागल्या.

"पगार नाही मिळायचा," इसिद्रो म्हणाले.

"दोन बटाटे द्या भाजून."

इसिद्रो पुढच्या सरीवर कुदळ मारत राहिले. बैठकीत 'बाई' म्हणणारा म्हातारा शेतात 'पोरी'वर आला. "माझी म्हातारी, तुझी काकू, कुठंय ते विचारलं नाहीस पोरी."

"घरात दिसल्या. मी हाक मारली, पण त्यांनी ओळखलं नाही."

"कशी ओळखेल? उजवा डोळा आधीच कामातून गेला होता. डावा वाचवायचा होता. दवाखान्यातल्या पोरीनं ऑपरेशनची तारीख सांगितली, सिन्को. पाच. मला ऐकू आलं किन्से. पंधरा." इसिद्रोंनी हातातला बटाटा पुसला, पुन्हा पुसला. "पंधरा तारखेला आम्ही अंघोळ-बिंघोळ करून गेलो. डॉक्टर म्हणाले, एवढा उशीर का केलात? कुणाचा दोष? कुणाचाच नाही. माझ्या कानाचा. नूबेचे कान तसे राहायला नकोत मला. कळलं?"

सोइलाबाईंचे हात थांबले. बैठकीत हा माणूस आपल्याला खाली बघायला लावतोय असं त्यांना वाटलं होतं. 

"तायता," त्या म्हणाल्या, "घोकून घोकून सिन्को नि किन्से दोन्ही पाठ होतात. पण एकासारखं एक वाजतं. आत काय आहे ते माहीत नसलं तर कान फसतोच. तुम्हीच बघा ना विचारून तिला."

नूबे बांधावर कुत्र्याशी खेळत होती. इसिद्रोंनी स्पॅनिशमध्ये हाक दिली, "नूबे! किन्से बटाटे आण इकडं!"

नूबेनं धावत जाऊन शालीत बटाटे घातले आणि आणून आजोबांच्या पुढं ओतले. पाच.

इसिद्रो बघत राहिले. मग किचवात म्हणाले, "चुन्का पिच्का आण."

नूबेनं आधी दहा आणले आणि एका रांगेत लावले. परत गेली, आणखी पाच आणले, बाजूला ठेवले.

"हेच तर किन्से, बाळा," बाई म्हणाल्या.

"हो?" नूबे त्या रांगेकडे बघत म्हणाली. "हे किन्से होय! मला वाटलं, सिन्कोच आहे, नुसतं जोरात म्हटलेलं."

म्हातारा खाली बसला. त्याच्या तोंडून कबुली निघेल अशी बाईंची अपेक्षा नव्हती, आणि निघालीही नाही. "म्हणजे कस्ब्यातली बाईपण काही कामाची नाही," एवढंच तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "उद्या रुबेनचा फोन येईल. तूच बोल त्याच्याशी. मी सांगितलं तर तो ओरडतो."

रविवारी दुपारी बाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. फोनच्या चौकोनात रुबेन दिसला. डोक्यावर कामाची टोपी, मागं कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीची भिंत. तो एकेकाळी बाईंच्याच वर्गात होता.

"बाई, मी इथं कंबरडं मोडून घेतो ते पोरगी शिकावी म्हणून," तो चढ्या आवाजात म्हणाला. "आणि तुम्ही तिला आजोबांची भाषा शिकवता?"

बाईंनी ऐकून घेतलं. बटाट्यांचं सांगितलं. घरचं नाव, कागदावरचं नाव सांगितलं. या वेळी खात्याचा एकही शब्द मध्ये आला नाही. पलीकडे शांतता झाली. फोन बंद पडला असं वाटून नूबेनं तो हलवला.

"आहे मी," रुबेन म्हणाला. आवाज उतरला होता. "बाई, एक सांगू? छपरावर फळ्या मोजताना मी अजून किचवात मोजतो. ओठ मिटून. मग मुकादमाला स्पॅनिशमध्ये सांगतो, तो मालकाला इंग्रजीत सांगतो. मला वाटायचं, हे माझ्यात काहीतरी कमी आहे. बायकोलापण बोललो नाही कधी."

"कमी नाही रे बाबा."

"मग तेव्हा असं का नाही शिकवलंत आम्हाला? तुम्ही नुसती घोकंपट्टी करून घ्यायचात."

नूबे आईच्या जुन्या शालीचा गोंडा चघळत दोघांकडे बघत होती. बाईंनी शालीखाली हात घट्ट धरले.

"मला तेव्हा भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी हसेल अशी. भीतीपुढं दुसरं काही सुचलंच नाही."

"हसलेच लोक," रुबेन म्हणाला, पण रागानं नाही. मग त्यानं मुलीला विचारलं, "काय गं, कुठली शाळा पाहिजे तुला?"

"दुधाच्या गाडीत मला उलटी होते," नूबे म्हणाली.

त्यावर आजोबांसकट सगळे हसले, आणि नूबेचं युराकपाम्बाच्या शाळेत परत येणं ठरलं.

बाकीची दोन घरं मात्र परतली नाहीत. रस्त्यात भेटली की नमस्कार करतात, पोराचं विचारलं की "छान चाललंय" म्हणतात. विसेन्ते सरांनी एकदा वर्गात येऊन जुड्यांचा खेळ पाहिला. पुढच्या आठवड्यात दुसरीच्या वर्गाला काड्या पाहिजेत म्हणून एका मुलीला चिठ्ठी न देता तोंडीच निरोप देऊन पाठवलं.

आणि सगळं सुरळीत झालं असंही नाही. वजाबाकी आली तेव्हा बाईंनी एक जुडी आणि तीन सुट्या काड्या ठेवल्या, आणि पाच काढून दे म्हटलं. जुडी सोडायला एकही पोर तयार होईना. आम्ही बांधलेली, आम्ही का सोडायची? नूबे तर जुडी छातीशी धरून बसली. हातचा घेणं वगैरे पुढचं राहिलं बाजूला, त्या तासाला भांडणच जास्त झालं. बाईंनी सगळ्यांना बाहेर खेळायला सोडलं आणि स्वतः पायरीवर बसून विचार करायला लागल्या.

तिथं तायता इसिद्रो नूबेचा डबा घेऊन आले. हल्ली ते काही ना काही निमित्तानं यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग सोड म्हणून ओरडायचं नाही का?"

"ओरडून सोडतील, तायता. पण का सोडली ते कळायला नको?"

"तुझं हे कळणं-कळणं फार लांबतं, पोरी," म्हातारा म्हणाला. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला, डबा उघडला, आणि गरम मोतेच्या दाण्यांची मूठ तिच्या हातावर ठेवली. "खा. आणि उद्या काय करणार आहेस ते सांग."