एकच शब्द उरला तेव्हा

माझ्या पतीच्या तोंडात देवाने एकच शब्द शिल्लक ठेवला, आणि कितीतरी महिने मला त्या शब्दाचाच संताप येत राहिला. हे लिहिताना हात अडखळतो, कारण तो शब्द पवित्र आहे. पण साक्ष द्यायची तर जे झालं ते झालं तसंच सांगायला हवं.

आम्ही मूळचे नगरकडचे. हे तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि सत्तरचं दशक संपता संपता आम्ही वाशीला राहायला आलो. तेव्हा इमारती थोड्या होत्या, बाकी सगळीकडे चिखल आणि खारफुटी. दिवेलागणीला कोल्हेकुई ऐकू यायची. उपासनेसाठी जवळ ख्रिस्तमंदिर नव्हतं, म्हणून रविवारी चार घरची माणसं आमच्याच बाहेरच्या खोलीत जमायची. ह्यांना प्रार्थनेची भारी हौस. रात्री ताटं वाढली की उपकारस्तुती करायला बसायचे आणि भाजी निवून जाईपर्यंत थांबायचे नाहीत. आज नळाला पाणी आलं म्हणून उपकार, शेजारच्या बाळाचा ताप उतरला म्हणून उपकार, सरोजच्या चपलेचा अंगठा चांभाराने नीट लावून दिला म्हणून उपकार. सरोज ही आमची एकुलती एक मुलगी. आम्ही मायलेकी डोळे किलकिले करून एकमेकींकडे बघायचो आणि हसू दाबायचो.

एका सकाळी कामावर जाताना बूट घालता घालता हे एका अंगावर कलंडले. खाडीपलीकडच्या इस्पितळात नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा कदाचित येईल, वाट पाहा. घरी आणल्यावर एक दिवस मी त्यांना चमच्याने चहा पाजत होते. त्यांनी तोंड वेडंवाकडं करत खूप जोर लावला आणि शब्द बाहेर पडला, "आमेन." आम्ही दोघी आनंदाने रडलो. सरोज धावत जाऊन शेजारच्या काकूंना सांगून आली. आम्हाला वाटलं, एक आला, आता त्याच्यामागून बाकीचे येतील.

ते आले नाहीत. पाणी हवं असलं की आमेन. लघवीला लागली की आमेन. पाठ दुखली, तोंडावर माशी बसली, ऊन डोळ्यांवर आलं, सगळ्याला आमेन. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं. ते मान हलवायचे, पुन्हा जोर लावायचे, पुन्हा तेच यायचं आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. भेटायला येणारी रविवारच्या मंडळीतली माणसं म्हणायची, देवाने किती सुंदर शब्द राखून ठेवला बघा. मी होकार द्यायचे आणि आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहायचे. हा माणूस रोज तुझे इतके उपकार मानायचा, आणि तू त्याचे सगळे शब्द काढून घेऊन फक्त शेवटचा ठेवलास? मागे काही उरलंच नाही, तर हे आमेन कशाला? जेवणाआधीची उपकारस्तुती आमच्या घरातून केव्हा बंद झाली ते कळलंही नाही. आम्ही मुकाट जेवायचो. मी एकटीनेही प्रार्थना करेनाशी झाले.

मी सकाळच्या शाळेत शिकवायचे, सरोजची शाळा दुपारची. त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो. अशाच एका दुपारी त्यांना काहीतरी हवं होतं. मी पाणी दिलं, उशी बदलली, खिडकी उघडली, मग लावली, रेडिओ लावून पाहिला. दरवेळी ते मान हलवायचे. शेवटी डाव्या हाताने भिंतीवर आपटत, रडत, आमेन, आमेन, आमेन असं सुरू झालं. मी काकूंना हाक मारली, जरा ह्यांच्यापाशी बसा म्हटलं आणि घराबाहेर पडले. पायांत चपलाही घातल्या नव्हत्या. खाडीच्या दिशेने चालत राहिले. कुठे निघाले होते ते मला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं मी करत होते. त्याहून जास्त लिहीत नाही.

बांधावर एक बाई चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, भरलेल्या पाटीशेजारी बसली होती. खाडीकाठच्या जुन्या गावातली असावी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने भरलेले. मी तिच्याजवळून पुढे जाणार तोच ती म्हणाली, "बाय, जरा हात लाव गो. एकलीला उचलत नाय."

मी वाकले आणि पाटी तिच्या डोक्यावर चढवली. भलती जड होती. पाटीतलं खारं पाणी माझ्या साडीवर ओघळलं. पाटी सावरून तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग अनवाणी पायांकडे. एवढंच म्हणाली, "फुडं वाट बरी नाय. चल माज्यासंगं."

मी का वळले ते मला आजही सांगता येत नाही. तिच्या मागून चालताना मी बोलू लागले. मंडळीतल्या कुणाला, पाळकसाहेबांनासुद्धा जे सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईच्या पाठीकडे बघत सांगत गेले. तिचं नाव हिराबाय. आमच्या इमारतीशी आल्यावर तिने पाटी जिन्याखाली ठेवली, नळावर पाय धुतले आणि न बोलावताच माझ्याबरोबर वर आली.

हे दमून पडले होते. तिला पाहून म्हणाले, "आमेन."

काय म्हणतात, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, आमच्या प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात तो शब्द आहे. त्याचा अर्थ, असंच होवो.

ती त्यांच्या पलंगाजवळ खाली बसली. मग म्हणाली, "माजा मानूस बी असाच पडून व्हता. त्याला शिव्या तेवढ्या उरल्या व्हत्या. पानी दिलं तरी शिवी, तोंड पुसलं तरी शिवी. मना लई राग यायचा. मंग कललं, ती शिवी नाय गो, मना हाक मारतो हाय. दुसरं काय येतच नाय, तर काय करंल?" आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुजा मानूस बी हाकच मारतो हाय तुला."

त्या दुपारी ह्यांना नेमकं काय हवं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण मी त्यांच्या उशाशी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. ते पुन्हा तोच शब्द बोलले, तेव्हा मी पहिल्यांदाच "ओ" दिली.

संध्याकाळी सरोजने ताटं वाढली, ह्यांची पेज पलंगाजवळ आणून ठेवली. किती दिवसांनी मी डोळे मिटले, पण शब्द येईना. उपकार मानावेत असं मनात काहीच सापडेना. मी अनवाणीच खाडीकडे निघून गेले होते हे काकूंनी सरोजला सांगितलं असावं. माझी वाट बघून तीच हळूच म्हणाली, "देवबापा, आज आई घरी परत आली, म्हणून तुझे उपकार."

आणि पलंगावरून आवाज आला, "आमेन."

आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच तो शब्द आपल्या जागेवर पडला होता. आम्ही तिघंही रडलो.

त्यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. त्यांची वाचा आली नाही, हात हलला नाही. पाठीला जखमा झाल्या, चिघळल्या. पुष्कळ दिवस असे गेले की मला पुन्हा बांधाची आठवण यायची. पण रोज संध्याकाळी आम्ही दोघी एकेका गोष्टीसाठी उपकार मानायचो आणि शेवट ह्यांनी करायचा, असा परिपाठ पडला. एखाद्या दिवशी "आज जखम वाढली नाही" एवढंच सापडायचं. हिराबाय अधूनमधून यायची, ह्यांच्याशी गावच्या गप्पा मारायची. हे आमेन म्हणाले की मान डोलावून म्हणायची, "बरोबर बोलतंस." तिला देवाने पाठवलं होतं का, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. एकदा तिला मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, पाटी जड होती म्हणून हाक मारली.

पुढे एका पावसाळ्याअखेरीस ह्यांना दुसरा झटका आला. त्यात तो एक शब्दही गेला. घास गिळता येईल की नाही याचीही डॉक्टरांना शाश्वती नव्हती. घरी आणलं त्या संध्याकाळी सरोजने प्रार्थना केली, पप्पा घरी आले म्हणून उपकार मानले आणि थांबली. हे माझ्याकडे बघत होते. इतके दिवस ह्या सगळ्याचा शेवट तेच करत आले होते. मी फक्त यादी वाचावी तसे उपकार मानून मोकळी होत होते. असंच होवो, हे मला स्वतःला कधी म्हणावं लागलंच नव्हतं. माझी इच्छा तशी नव्हतीच. मला माझा नवरा धडधाकट परत हवा होता. तरीही ते आता मलाच म्हणावं लागणार होतं. माझं मागणं, माझा राग, सगळं देवाच्या हाती सोडून मी म्हटलं, "आमेन."

मग पेजेचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. बराच वेळ त्यांनी ती तोंडातच धरून ठेवली. सरोज श्वास रोखून बघत होती. मग गळ्याची घाटी हलली आणि घोट खाली उतरला. मी मनातल्या मनात देवाचे उपकार मानले, आणि दुसरा चमचा भरला.