सात टप्प्यांचा धबधबा

माझ्या आईला तिच्या माहेरी जायला तिकीट काढावं लागतं. माणशी वेगळं, गाडीचं वेगळं, आणि सोबत वनखात्याचा गार्ड. तिचं गाव आता अभयारण्यात आहे. ते उठलं तेव्हा मी जन्मले नव्हते, पण ते उठल्याचं मी कळायला लागायच्या आधीपासून ऐकत आले. वडील विस्थापितांच्या चळवळीत पूर्णवेळ. सांगलीजवळच्या वसाहतीतल्या आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले असत. पाहुणे आले की गठ्ठ्यांवर चादर टाकून बसायला देत. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. 'विस्थापित' हा शब्द मी पहिलीत जायच्या आधी न चुकता लिहायची, हे वडील अजून कौतुकानं सांगतात. आई म्हणते, "त्यात कसलं आलंय कौतुक?"

कॉलेजात गेल्यावर पत्रकं मी लिहायला लागले. एकात मी गावावरच्या धबधब्याबद्दल लिहिलं. सात टप्प्यांनी कोसळणारा, ज्याच्या डोहात आमच्या आया पोहायला शिकल्या, तो धबधबा आमच्यापासून हिरावून घेतला गेला. सभेत ते वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. बायका मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. घरी आल्यावर मी आईला विचारलं, एवढं हसायला काय झालं?

"आगं, आमी कुठनं पोहणार? आमी त्यो बघितलासुदीक न्हाई."

डोहात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, राहतात, त्या पोरींना ओढून नेतात, म्हणून पोरींनी तिकडे फिरकायचं नाही, अशी रीत होती. पोरांनी जावं, खेकडे धरावेत, बाप्यांनी मध काढावा. पोरींनी नाचणीच्या शेतातून आवाज ऐकावा. पावसाळ्यात तो इतका वाढायचा की शेजारच्या बाईला हाक ऐकू जायची नाही. लग्न होऊन आई शेजारच्या वाडीला गेली आणि थोड्याच दिवसांत दोन्ही गावं उठली.

मी आसरांवर, रीतीवर आणि सरकारवर एकाच दमात भडकले. आई भाकरी थापत होती. माझं बोलून होईपर्यंत तिनं तव्यावरची उलटली आणि म्हणाली, "ते समदं खरं. मला तिकडं न्यायला जमंल का, तेवढं सांग."

जमवते म्हणाले, आणि राहून गेलं. आज मोर्चा, उद्या परीक्षा. गेल्या वर्षी आईचा गुडघा इतका धरला की डॉक्टरांनी तो बदलायला सांगितला. बदलल्यावर घरात, बाजारात चाला, पण डोंगर विसरा, असंही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई कठड्याला धरून थांबली. "मग आदी तिकडं जाऊ. ह्योच गुडगा घिऊन."

दिवाळी सरल्यावर आम्ही निघालो. एसटीनं कराडला उतरलो, मलकापूरला मामा गाडी घेऊन उभा होता. मामा आईचा धाकटा भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला. ते सात टप्पे माझ्याकडे त्याच्याकडूनच आले होते. माझ्या लहानपणी तो सुट्टीवर आला की वसाहतीतली सगळी पोरं त्याच्याभोवती जमायची. पहिल्या टप्प्यावर नुसतं धुकं. तिसऱ्यावर वानरं पाणी प्यायला येतात. चौथ्याच्या मागं कपार आहे, तिथं बसून त्यानं भाकरी खाल्ली, समोर पाण्याचा पडदा. आणि खाली डोहात हत्तीएवढा पांढरा दगड. आई हातातलं काम टाकून ऐकायला यायची, आणि त्याच्याकडून एखादा टप्पा सुटला तर आठवणही करून द्यायची.

"चौथ्या टप्प्याला मला धरशील न्हवं?" गाडीत तिनं त्याला विचारलं.

"धरतो की," मामा म्हणाला, आणि गाडीचा आवाज तपासत बसला. एरवी तो पाटणपर्यंत पलटणीतले किस्से सांगून डोकं उठवतो. त्या दिवशी नुसते गिअर बदलत राहिला.

नाक्यावर मी गार्डशी भांडले. "हिचं गाव आहे हे. स्वतःच्या गावात शिरायला तिकीट कसलं?"

गार्ड माझ्याच वयाचा होता. "पटतंय ताई. पर पावती फाडाय लागती."

"फाड बाबा," आई म्हणाली. "कंडक्टरला देतोय, तर तुला द्याया काय झालं? हिचं भाषाण परत येताना ऐक. तवर ते संपायचं न्हाई."

वाट सुरुवातीला रुंद होती, मग कारवीत शिरली. पाऊस जाऊन महिना झाला होता तरी पाचोळ्याखालची माती ओली होती. डोक्यावर कुठंतरी शेकरू खर्रर्र करत होतं. आई एक हात काठीवर आणि एक हात मामाच्या खांद्यावर ठेवून चालत होती. गावाची जोती लागली. चिऱ्यांमधून झाडं वर आलेली, आजोळच्या पडवीत गव्याचं शेण. मला वाटलं आई इथं बसेल, रडेल. मी पाण्याची बाटलीही काढली. तिनं एका जोत्याकडे बघून "हितं आमची चूल" एवढंच म्हटलं आणि मान वाकडी करून उभी राहिली.

"ऐकू आला," ती म्हणाली.

मला नुसता वारा ऐकू येत होता. थोडं वर गेल्यावर मलाही आला.

पुढची चढण खडी होती. आई चार पावलं टाकायची, दगड बघून बसायची. कपाळ घामानं भिजलेलं, ओठ आवळलेले. मामा दर वेळी तेच म्हणायचा. "आक्का, ऱ्हाऊ दे आता. हितनं आवाज तर येतोय."

"आवाज लय ऐकला. आता बघायचाय."

"गुडगा जाईल पार."

"जायचाच हाय त्यो. दवाखान्यात टाकण्यापरीस हितं टाकते."

गार्ड हसला. मामा हसला नाही. मला वाटलं, बहिणीच्या काळजीनं त्याचा चेहरा असा झालाय.

शेवटच्या वळणावर गार्डनं कारवी हातानं बाजूला धरली आणि आई पुढं झाली.

तो एकच होता. काळ्या कड्यावरून एका धारेत सरळ खाली. दोन नारळाची झाडं एकावर एक ठेवली तर पोचतील, एवढाच उंच. खाली हिरवा, शांत डोह. कपार नव्हती. दगड सगळे काळे होते.

आई काठी टेकून बघत राहिली. तिच्या तोंडावर तुषार येत होते, ते तिनं पुसले नाहीत.

"बाकीचे टप्पे वर आहेत का?" मी गार्डला विचारलं.

"कुठलं टप्पं? एकच हाय ह्यो. वर सपाट सडा हाय."

"दरड कोसळली असेल मधे."

"न्हाई ओ ताई. माझा आजा बी एकच म्हणायचा."

मी मामाकडे वळले. मामा बुटाची नाडी सोडून परत बांधत होता. "मामा, तू आला होतास ना इथं?"

"त्यो कशाला येतोय," आई म्हणाली. तिची नजर अजून पाण्यावरच होती. "बाकीची पोरं वर आली की ह्यो खालच्या आंब्याच्या बुडात बसून ऱ्हायचा. मी शेण गोळा कराय जायची, तवा दिसायचा. ती खाली आली की त्यांच्यात मिसळायचा."

मामाचा हात नाडीवर थांबला. "तुला ठावं हुतं?"

"मग काय."

"भ्या वाटायचं गं आक्का. आसरांचं."

"सुभेदार झालास की रं."

"तिकडं गोळी कुठनं येणार ते तरी कळतंय."

गार्ड मोठ्यानं हसला, मग मामाकडे बघून खोकला काढला.

आमच्या घरात पत्रकात खोटं छापायचं नाही, हा पहिला नियम. एक आकडा चुकला म्हणून वडिलांनी अख्खा गठ्ठा बंबात घातलेला मी पाहिलाय. आणि मी सात टप्पे छापून वाटले होते. मला रागच यायला हवा होता. पण मामा खाली मान घालून उभा होता, एका बुटाची नाडी तशीच सुटी.

"एवढी वर्सं बोलली का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"बोलले असते तर तू सांगायचा थांबला असतास." आईनं त्याच्या खांद्यावर परत हात ठेवला. "मग मला हितवर कुणी आणलं असतं? मी तुज्या गोष्टीतनंच येत हुते रं."

मामानं तोंड फिरवलं. मग त्यानं आईचा हात धरला आणि दोघं दगडांवरून डोहाकडे उतरायला लागली.

"मावशी, पाण्यात उतराय मनाई हाय," गार्ड म्हणाला. मी तोंड उघडलं. आईनं लांबूनच मला गप्प बसायची खूण केली.

"पाय तरी?"

गार्डनं कड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "पाय म्हंजे पायच हां."

घोट्याइतक्या पाण्यात उभं राहून आईनं कमरेची पिशवी सोडली. खण, नारळ, चिमूटभर हळदकुंकू. सांगलीहून ती हे घेऊन निघाली होती आणि मला पत्ता नव्हता. तिनं सगळं पाण्याला दाखवलं, खण परत पिशवीत ठेवला. मग मला हाक मारली.

"आई, मी आसरांना मानत नाही."

"तू नगं मानू. हिकडं ये."

मी बूट काढून गेले. पाणी इतकं गार होतं की घोटे दुखले.

"पोरींनी यायचं नसतंय," आई म्हणाली. "पर पयलं मूल झालं की आयनं ते कडंवर घिऊन यायचं, आसरांची वटी भरायची, त्याच्या टाळूला पाणी लावायचं. माज्या आयनं मला आणलेलं. मला त्यातलं काय आठवणार? तुज्या येळंला गावच उठलं."

"आता ही कडंवर बसती व्हय?" मामा म्हणाला.

"न्हाई बसायची. वाक गं जरा."

मी वाकले. आईनं ओंजळ भरली आणि माझ्या टाळूवर पाणी धरलं. ते केसांतून मानेवर, मानेवरून सदऱ्याच्या आत उतरलं. मी वाकलेलीच राहिले, कारण तिनं दुसरी ओंजळ भरायला घेतली होती.