पेटीतलं चाक

हैदराबादच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर पाच-सहा वर्षांनी व्यंकटरावांनी पूर्णेला पिठाची गिरणी घातली. मुंबईहून आलेल्या ऑइल इंजिनापेक्षा त्यांना त्याच्या ग्यारंटीच्या कागदाचं कौतुक जास्त. तो काचेत मढवून त्यांनी खंडोबाच्या तसबिरीशेजारी टांगला. दोघांना मिळून उदबत्ती एकच.

कागद इंग्रजीत होता. माझे यजमान तिथे रेल्वेत. शेजारधर्म म्हणून मी तो वाचून दाखवला. कंपनीचा भाग काढून दुसरा बसवला तर ग्यारंटी संपली, हे वाक्य मुद्दाम दोनदा वाचलं.

"वैनी, ते वकिली बोलणं हाय," ते म्हणाले. "वर्षभर दुरुस्ती फुकट, तेवढंच खरं."

छत्री भिजू नये म्हणून पावसात ती काखेत धरून चालणारा हा माणूस. महिन्याभरात त्यांनी इंजिनाचं पट्ट्याचं चाक काढलं, जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि परभणीच्या बन्सीधर खराद्याकडून भंगारातल्या बिडाच्या लोखंडाचं चाक करून बसवलं.

"अस्सल माल रोज झिजवायचा असतो का, वैनी? तुमी चांदीचं ताट रोज मांडता का?"

"मालक, जास्त पळवू नका," बन्सीधरनं बजावलं होतं. लग्नसराई आली आणि व्यंकटरावांनी ते दुप्पट पळवलं.

एका दुपारी चाक फुटलं. गिरणीत मजुरीनं दळण ओतणाऱ्या कडूबाईच्या उजव्या हातावर तुकडा बसला, हाड मोडलं. इंजिनालाही तडा गेला. व्यंकटरावांनी कडूबाईला बैलगाडीत घालून घरी धाडलं आणि पहिलं काम काय केलं, तर पेटी उघडून अस्सल चाक चढवलं. मग कंपनीला तार.

औरंगाबादहून कंपनीचा माणूस आला. त्यानं चाकावरून बोट फिरवलं.

"याचा रंगसुद्धा उडालेला नाही. हे फिरलंय कधी? मग आधी फिरत होतं ते कुठंय?"

व्यंकटरावांनी काचेतला कागद काढून पुढे धरला. मी दोनदा वाचलेल्या वाक्यावर बोट ठेवून तो माणूस पिशवी उचलून चालता झाला.

मग त्यांनी बन्सीधरला धरलं. "तुझं चाक, तू भर."

"मी काय म्हणलो हुतो, मालक?" एवढं बोलून तोही गेला. इंजिनाचा तडा व्यंकटरावांना पदरच्या पैशानं सांधून घ्यावा लागला.

उरली कडूबाई. "तिथं उभी कामून राहिली म्हणावं!" असं त्यांनी चारचौघांत म्हटलं. हाताला फळ्या बांधलेली कडूबाई ते ऐकून गिरणीच्या पायरीवर येऊन बसली.

"मशीनला ग्यारंटी हाय म्हणं. माझ्या हाताला कोण हाय?"

डोक्यावर दळण घेऊन आलेल्या बायका तिथूनच माघारी वळल्या. घरोघरी जाती पुन्हा निघाली. मीही दळलं. पीठ जाडंभरडं पडायचं; यजमान मुकाट्यानं भाकरी चावत.

स्टेशनच्या बाजूला ती एकच गिरणी, पण तिच्यात आता चिमण्याही येईनात. अखेर व्यंकटराव वाकले. हात बरा होईपर्यंत कडूबाईला घरबसल्या मजुरी, आणि अस्सल चाक पुन्हा पेटीत जायचं नाही, हे कबूल केल्यावरच बायका दळण घेऊन आल्या.

हात वाकडाच जुळला. मजुरी आपण दयेपोटी दिली, असं व्यंकटराव पुढे कायम सांगत.

चालून चालून त्या चाकाचा हिरवा रंग उडाला, त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. कडूबाईचा हात मोडला तेव्हा त्या तोंडावरची रेषही हलली नव्हती.