चाचांनी वाखाणलेली रिक्षा

सांगलीत जप्त गाड्यांचा सरकारी लिलाव असला की मिरजेचे चाचा भेटतातच. जी गाडी हवी, तिलाच ते मोठमोठ्यानं नावं ठेवतात. ही खोड आता सगळ्या व्यापाऱ्यांना पाठ झालीय.

परवा कर थकून जप्त झालेली एक रिक्षा निघाली. ती चालवणारी बाई स्वतःच बोली लावायला आली होती. रिक्षाच्या हँडलवरचा हात काही काढत नव्हती. चाचांनी ते पाहिलं आणि ओरडले, "लय झ्याक गाडी! इंजिन म्हंजे सोनं हाय, गड्या!"

चाचा कौतुक करतायत म्हणजे गाडी भंगारच, असं समजून व्यापारी हसत मागं सरले. बाईची एकटीची बोली पडली आणि रिक्षा तिला मिळाली.

"बसा चाचा, मिरजेला सोडते."

चाचा ऐटीत मागं बसले. मीही धावत जाऊन शेजारची जागा पकडली.