वाक्यासाठी माणूस

कुठे कपाशीच्या पऱ्हाटीवर वांगी भाजायला लागली, की त्या धुराबरोबर मी धरणगावच्या आमच्या अंगणात जाऊन बसते. हे तेव्हा नुकतेच मॅट्रिक झालेले. मला रोज एक इंग्रजी शब्द शिकवायचे. त्या संध्याकाळी शब्द होता ‘व्हर्सटाइल’.

“निरनिराळी कामं सारख्याच हातोटीनं करणारं माणूस,” ते म्हणाले. “आता वाक्य कर. कोणाला म्हणशील?”

मी हाताने जाळावरची वांगी फिरवत होते, पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीने बाळाची झोळी हलवत होते आणि ओठांत तो शब्द घोळवत होते.

“आपलामा असं कोन शे?” मी विचारलं.

आपल्यात असं कोण आहे, ते त्यांनीही पुष्कळ आठवून पाहिलं. वांगी भाजून झाली, बाळ झोपलं, शब्दही पाठ झाला. वाक्याला माणूस मात्र आम्हा दोघांना सापडलं नाही.